आवाज बंद

छोटी जुईली लघवीला बाहेर गेली आणि पहिलीचा अख्खा वर्ग पाढे ओरडू लागला. कुणी डब्याची झाकणं बडवत होतं, कुणी बाकावर मुठी आपटत होतं. रजेवरच्या बाईंच्या जागी एका दिवसासाठी शहरातून आलेल्या नव्या बाईंचं डोकं उठलं.

त्यांनी टेबलावर पट्टी आपटली. "एकदम चूप! आता ज्याचा आवाज येईल, तो वर्गाबाहेर!"

वर्ग चिडीचूप झाला. संडासामागच्या उसाची सळसळ तेवढी ऐकू येत राहिली. बाई समाधानाने खुर्चीत बसल्या. पण मुलांचे डोळे दाराकडे लागले होते, आणि पहिल्या बाकावरचा पोरगा मुसमुसायला लागला.

"काय झालं रे?"

"बाई, उसात बिबट्या हाय. कुणी बाहेर गेलं, की ते परत येईस्तवर समद्यांनी आरडायचं असतंय."

बाईंनी झटकन समोरच्या बाकावरचा डबा उचलला. मग त्या डब्याचं झाकण बडवत, बेंबीच्या देठापासून ओरडत दाराकडे धावल्या.

दारातच जुईली उभी होती, पांढरीफटक.

"आवाज कुणी बंद केला?"

सगळी बोटं बाईंकडे वळली.