उलटा हात

विजेचा झटका बसल्यापासून खांबाकडे नुसतं पाहिलं तरी थरथरणारा वायरमन भागोजी शेलार डॉ. मृणाल केळुसकरांच्या थेंबांनी महिन्याभरात पुन्हा खांबावर चढू लागला. गांजातल्या द्रव्यापासून केलेले ते थेंब भीतीची आठवण पुसून टाकत.

आज तो बायकोसह पेढे घेऊन आला. दवाखान्यातला पंखा बंद दिसताच त्याने स्विचबोर्ड उघडला आणि वीज येतेय का पाहायला सरळ तळवाच तारेकडे नेला. मृणालने किंचाळून त्याला मागे खेचलं.

"अहो, उलटा हात लावला की मूठ तारेवर आवळत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"सगळं ठाऊक आहे, मॅडम," भागोजी हसला. "पण हात थांबतच नाही."

"बाई, थोडी भीती परत देता येईल का हो?" बायकोने हळूच विचारलं.

भीती परत आणणारं औषध शोधायचं मृणालला कधी सुचलंच नव्हतं.