भिंतीआडचं आजोळ

राजेश्वरीनं निरांजन पेटवलं, तबक उचललं, आणि ओवाळायचं सोडून ती तशीच उभी राहिली.

समोर पाटावर तिचा भाऊ जयराज बसला होता. डोक्यावर टोपी, कपाळ पुढं केलेलं. "अगं ओवाळ की. पाय अवघडलं माझं."

"आधी एक सांग, दादा. ती भिंत कुणी फोडली?"

गोठ्याची भिंत पडली की काय, असं वाटून जयराजनं खिडकीतून बाहेर बघितलं. मग त्याच्या ध्यानात आलं. टीव्हीला त्यांच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम जोडलेला होता. पिवळी पडलेली डबी, तिच्या वायरीला खेळायचा रिमोट, वर खोचलेली कॅसेट, आणि पडद्यावर तिसऱ्या किल्ल्यात थांबवून ठेवलेला, पाठीवर गाठोडं घेतलेला बेडूक. त्या किल्ल्याच्या भिंतीतून बेडकाला आरपार नेता येतं. खेळ बनवणाऱ्यांकडून राहून गेलेली चूक. जयराजनं दिवाळीआधी त्याचा व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकला होता आणि तो लाखो लोकांनी बघितला होता.

"ते व्हय!" तो हसला. "बघितलास का? नांदेडचा एक पोरगा लिवतोय, साहेब, तुमचं पाय कुठं हायत."

"बघितला. लेकीनं दाखवला. 'मामानं शोधलं, मामानं शोधलं' म्हनून नाचत आली. त्या भिंतीमागच्या जागेला नाव काय दिलंयस?"

जयराजनं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"सांग की. सगळ्या जगाला सांगितलंस."

"जयराज झोन."

तबक हललं. त्यातली सुपारी घरंगळून कडेला गेली.

"आजोळ म्हनायचो आपन त्याला. मी ठेवलेलं नाव. तिथं कुणी मारायला येत न्हाई, म्हनून आजोळ."

"अगं, खेळ हाय तो. ल्हान होतो आपन. कुणी शोधलं ते कुणाच्या ध्यानात हाय?"

"माझ्या हाय. तू सगळे जीव उडवायचास आन् शेवटचा एक उरला की रिमोट माझ्याकडं फेकायचास. 'घे, तुझी पाळी.' एक जीव! पुढं गेलं की मेलं, पाळी संपली. म्हनून मी पुढं जायचीच न्हाई. भिंतीला टेकून खाली बसवायचं, मागं उडी मारायची, परत बसवायचं. तेवढाच रिमोट हातात राहायचा. तसं करता करता गेला बेडूक भिंतीत. तवा तू काय म्हनलास? 'मोडलीस माझी कॅसेट!' पाठीत धपाटा घातलास."

त्यांची आई बनाबाई हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "आगं, सणासुदीचं काय लावलंय बेडूक न् फिडूक? ओवाळ आन् जेवाय बसा. पुऱ्या गार व्हायल्यात."

"आई, तू मधी पडू नगंस."

आता जयराजलाही राग आला. "कॅसेट कुणाची होती? आबांनी मला आणलेली. रिमोट माझा. टीव्ही माझ्या घरात. मग त्यातनं निघालं ते तुझं कसं गं?"

"व्हय. घर तुझं, टीव्ही तुझा. आबांचं वावरबी तुझंच." राजेश्वरीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मागल्या भाऊबीजेला ताट वाढायच्या आधी हक्कसोडाचं कागद पुढं केलंस. केली का न्हाई सही? मी केली. आईनं केली. एक शब्द विचारला का? ऊस दिला, विहीर दिली. हे देनार न्हाई."

बनाबाईंच्या झाऱ्यातून तेल फरशीवर ठिबकत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

जयराजनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बरं बाई. व्हिडिओच्या खाली टाकतो. 'बहिणीची मदत झाली.' झालं समाधान?"

"मदत?"

राजेश्वरीनं तबक खाली ठेवलं. "ऊठ."

"आं?"

"पाटावरनं ऊठ."

तो उठला. का उठला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. राजेश्वरी पाटावर बसली आणि तिनं रिमोट उचलला. बेडूक भिंतीला टेकला, खाली बसला, मागं उडाला. काहीच झालं नाही.

जयराज फस्सकन हसला. "पोळ्या लाटायच्या हातानं जमतंय व्हय ते?"

तिनं मान वळवली नाही. बेडूक पुन्हा बसला, पुन्हा उडाला. पुन्हा. मग तो थरथरला, अर्धा दगडात शिरला आणि पलीकडं निघाला. पलीकडं निळं सपाट आकाश होतं आणि खाली पाणी. खड्डे नव्हते, काटे नव्हते, अंगावर येणारं काही नव्हतं. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा थांबलं होतं. बेडूक चालत राहिला.

"जमलं. बघितलं आमी," जयराज म्हणाला. "आता ऊठ आन् ओवाळ."

"माझी पाळी हाय."

"कवापर्यंत?"

"मेले की देते."

जयराज पडद्याकडं बघत राहिला. तिथं मरण नव्हतंच. त्यानं स्वतःच व्हिडिओत ते मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. आता खेळ संपवायचा तर घराच्या भिंतीवरचं विजेचं बटण बंद करायचं, एवढाच मार्ग. तो दोन पावलं पुढं झाला आणि बटणाकडं हात नेला.

"हात लावून तर बघ," बनाबाई दारातून म्हणाल्या.