मोकळी जागा

दवाखान्याच्या परवानगीचा नियम बदलला, तशी वर्षानुवर्षं अडून बसलेली फाईल पळायला लागली. आता गावाला विचारत बसायचं नव्हतं. नकाशात मोकळी सरकारी जागा दिसली की झालं. इंजिनियर साहेबांनी नाल्याकाठच्या पडीक जमिनीवर चुन्याची फक्की मारली, मजुराने कुदळ उचलली, आणि रंभाबाई येऊन थेट त्या पांढऱ्या रेघेवर बसली.

"बाई, दवाखान्यासाठी तुम्हीच मोर्चे काढले ना? मग आता आडव्या का येता?"

"दवाखाना पायजेच हाये, साहेब. पण इथी नका खोदू."

"इथे आहे काय? नुसते बोरीचे काटे."

वाऱ्याने सरकलेली एक काटेरी फांदी रंभाबाईने उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

"कोल्ह्याकुत्र्यायनं उकरू नये म्हणून टाकतो. तान्हं लेकरू आम्ही जाळत नाई, पुरतो. माह्या लेकीचं, पुनमचं लेकरू इथीच हाये. गोंडपिपरीच्या दवाखान्यात पोहचाच्या आधीच गेलं. बाकीच्यायचीबी अशीच गेली."

साहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. "पण नकाशात तर जागा मोकळी आहे," ते हळूच म्हणाले.

"दवाखाना वेळेवर झाला असता, तं मोकळीच राह्यली असती, साहेब."