दोन टिंबांची होडी

पेंटरनं ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला, निथळला आणि होडीच्या नाकाशी तो तसाच उभा राहिला. लिहायचं काय, ते अजून कोणालाच माहीत नव्हतं.

या धक्क्यावरची रीतच तशी. नव्या होडीसमोर मालकाच्या घरातलं सगळ्यात धाकटं मूल उभं करायचं. ते पहिलं जे काही म्हणेल तेच होडीचं नाव. मोठी माणसं महिना महिना घोकून घेतात, गोळ्यांचं आमिष दाखवतात, आणि ऐन वेळी मूल आपलंच खरं करतं. समोर बांधलेल्या होड्यांत एक ‘भूक’ होती, एक ‘आई गं’. सगळ्यांत जुनी ‘नको’. तिचा म्हातारा मालक गर्दीत पुढंच उभा होता. “हसू नका,” तो नेहमी म्हणायचा, “कितीदा वादळातून परत आलोय. माझ्या होडीचं नाव समुद्रसुद्धा ऐकतो.”

आज मात्र कोणाला हसू येत नव्हतं. ही होडी मिस्त्रींनी आपल्याच मुलांसाठी बांधली होती, आणि त्यांच्या घरातलं धाकटं मूल म्हणजे त्यांची नात, भिंगरी. चार वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं, आणि तोंडातून अजून एक शब्द फुटला नव्हता.

“अगं, माझ्या बबडीला उभी करते ना,” काकू भिंगरीच्या आईच्या कानाशी लागली. “वर्षाचाच तर फरक. बिननावाच्या होडीत कोण पाऊल ठेवेल? तुझा नवरा ठेवेल, का माझा?”

आईनं भिंगरीचा हात सोडला नाही. “जाऊबाई, धाकटी ही आहे.”

“आहेच गं. पण...”

“बाबा,” आईनं सासऱ्यांना हाक मारली. “तुम्हीच सांगा.”

मिस्त्री हातोडा घेऊन होडीखालच्या पाचरीपाशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. “रीत धाकट्याची आहे. बोलक्याची आहे, असं मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.”

“भरती उतरायला लागेल हां,” मागून कोणीतरी म्हणालं.

आईनं भिंगरीच्या चपला काढल्या आणि तिला होडीसमोर सोडलं.

करवती आणि खिळ्यांच्या धाकानं तिला इतक्या जवळ कधी येऊ दिलं नव्हतं. भिंगरीनं मान मागं टाकली, मग आणखी मागं. फळीवर फळी चढत गेली होती आणि होडीचं नाक थेट आभाळात घुसलं होतं. तिचं तोंड उघडं पडलं. पेंटरचा ब्रश वर उचलला गेला.

तोंडातून काही आलं नाही.

भिंगरी पुढं झाली. घरी तिला बोलवायचं असलं की सगळे लाकडी जमिनीवर दोनदा पाय आपटत. जेवायला, निजायला, रागानं, लाडानं, नेहमी दोनदा. तळपायांना कळलं की ती वळायची. तिलाही कोणी हवं असलं तर ती तेच करायची. तिनं हात उगारला आणि उघड्या तळव्यानं होडीवर दोनदा ठोकलं.

होडी कोरडी होती, रिकामी होती. तिच्या पोटातून घुमारा उठला, पार मागच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. भिंगरीचा हात फळीवर तसाच राहिला. तिनं दुसरा हात ठेवला. मग गाल ठेवला. डोळे मिटले. तान्ही असताना आईच्या छातीवर पडून राहायची तेव्हा व्हायचा, तसा तिचा चेहरा झाला होता.

आईनं तोंडावर पदर धरला. ‘नको’च्या मालकानं टोपी कधी काढली ते त्यालाही कळलं नाही.

पेंटर हळूच म्हणाला, “मिस्त्री, लिहू काय?”

“ऐकलं नाहीस?”

“ऐकलं की. पण त्याला अक्षरं...”

“अक्षरं कुठं सांगितली तिनं? म्हणाली तेवढंच लिही. जास्तीचं काही नको.”

पेंटरनं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. मग त्यानं होडीच्या नाकावर दोन टिंबं काढली, ठसठशीत, शेजारी शेजारी. मागं सरून बघितलं आणि दुसऱ्याची कड नीट केली.

“आणि कागदोपत्री काय सांगायचं?” काकूनं विचारलं.

“कागदाला वाचता येईल ते कागदावर लिहा,” मिस्त्री म्हणाले. “आता व्हा बाजूला.”

आईनं भिंगरीला उचलून लांब नेलं. भिंगरीचे वडील होडीत चढले. मागोमाग काकाही चढला. मिस्त्रींनी पाचर उडवली. होडी आधी नुसती कण्हली, मग घसरली, आणि एवढं मोठं लाकूड पाण्यावर पिसासारखं बसलं. मग एकदम सगळेच बोलायला लागले.

दोरानं ओढून होडी लाकडी धक्क्याला आणली तेव्हा भिंगरी धक्क्यावरच तिकडं पाठ करून बसली होती. फळ्यांच्या फटीतून खालचं पाणी बघण्यात ती गुंगली होती. होडीची कड धक्क्याच्या खांबाला टेकली. वडिलांनी एकदा आईकडं पाहिलं आणि होडीच्या तळावर टाच आपटली. दोनदा.

धक्क्याच्या फळ्या थरथरल्या.

भिंगरी गर्रकन वळली. वडील हात हलवत होते, तिचं तिकडं लक्षच नव्हतं. ती होडीकडं बघत होती. मग ती उठली, आणि अनवाणी पाय दोनदा आपटून तिनं ओ दिली.