सव्वा मीटर

गेर्लिंडेला ओरडायचं होतं, पण तीन वाजायला अजून सात मिनिटं होती. एक ते तीन ही बागांमधली शांततेची वेळ. तेव्हा गवत कापायचं नाही, हातोडी चालवायची नाही, भांडायचंही नाही. मोजमापाचा आवाज होत नाही, त्यामुळे ते चालतं. म्हणून बागसंघाचे अध्यक्ष क्रेचमार तिच्या झुडपांच्या हिरव्या कुंपणाला निवांतपणे घडीची पट्टी लावत होते आणि ती दातओठ खात बघत होती.

"एक मीटर चौऱ्याऐंशी," ते कुजबुजले.

नियम सव्वा मीटरचा होता. लाइपझिगच्या रुळांलगतच्या त्या दोनशे भाड्याच्या बागांमध्ये सगळ्यांची कुंपणं सव्वा मीटर होती आणि तिचंच तेवढं मोकाट सुटलं होतं. दोन नोटिसा येऊन गेल्या होत्या. शनिवारी समितीने तिसरी काढली की बाग गेली. घ्यायला साठ कुटुंबं रांगेत होतीच.

लोकांना तर उकळ्या फुटत होत्या. गेर्लिंडेचा नवरा एकहार्ट एकोणीस वर्षं संघाचा अध्यक्ष होता. दोन बोटं जास्त भरलं तरी तो कात्री आणायला लावायचा. आता त्याच्याच घरचं कुंपण वाढलं होतं, आणि जो तो येताजाता डोळे मिचकावत होता.

त्यांना काय सांगणार? फेब्रुवारीत एकहार्टला पक्षाघाताचा झटका आला. अर्धा चेहरा ओघळला, उजवा हात गेला. फ्लॅटमध्ये तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. पहाटे अंधारात इथे आणलं की मात्र कुंपणाआड खुर्चीत बसायचा, ऊन घ्यायचा, टोमॅटोंकडे बघून नाराजीने हुंकारायचा. टोमॅटोंची दशा होतीच तशी. ते बांधायचं काम त्याचं. तारेला तीन वेढे आणि टोक आत मुडपलेलं, म्हणजे हाताला लागत नाही. ती गाठ तिला चाळीस वर्षांत जमली नव्हती. तिने चिंध्यांनी बांधलेली रोपं लोळत होती.

त्याची अट एकच होती. कुणी बघता कामा नये. तशी शपथच घातली होती त्याने. म्हणून तिने सगळ्यांना सांगितलं होतं, एकहार्ट बाहेरगावी उपचारांना गेलाय.

चर्चची घंटा तीनदा वाजली.

"नाही कापणार!" ती ओरडली. "काय करायचं ते करा!"

"आधी म्हणे कात्री सापडत नाही, मग खांदा दुखतोय, आणि आता हे?" क्रेचमारही चढ्या आवाजात म्हणाले. "गेर्लिंडेबाई, एकहार्ट असता तर पहिली नोटीस त्यानेच काढली असती."

ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त लागलं.

"हो का? तुमचं कुंपण अख्खा उन्हाळा डोक्याएवढं वाढलं होतं, तेव्हा कुठे काढली त्याने? आत घरटं होतं म्हणे! पाखराला दया आणि माणसाला पट्टी!"

 बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या बायकोचा, अ‍ॅनेग्रेटचा, तो शेवटचा उन्हाळा; आजारी पडल्यापासून ती कुंपणाबाहेर कुणाला दिसलीच नव्हती. आपण जास्तच बोललो, हे गेर्लिंडेला कळलं. त्या वर्षी ती एकहार्टशीही यावरून भांडली होती. "घरट्याला हात लावता येत नाही, कायदा आहे," एवढं बोलून त्याने वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं होतं.

तेवढ्यात कुंपणाआड कप पडून फुटला.

क्रेचमारनी दोन्ही हातांनी फांद्या बाजूला केल्या. केल्या त्या केल्याच, हलेनात. गेर्लिंडेने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. आता एकहार्ट पुन्हा भिंतीकडे तोंड करणार.

फांद्या हलकेच जागेवर आल्या. क्रेचमारनी पट्टीची घडी घातली आणि वही काढली.

"कस्तुराचं घरटं आहे."

"काय?"

"चार अंडी आहेत. एक ऑक्टोबरपर्यंत एका पानालाही कात्री लावायची नाही. लावलीत, तर मात्र खरंच नोटीस काढीन."

आणि मागे वळून न बघता ते निघून गेले.

तिने फांदीन् फांदी धुंडाळली. घरटंबिरटं काही नव्हतं, कोळ्याचं जाळं तेवढं होतं. ती आणखीच वैतागली. शनिवारी समिती बघायला येणार, मग काय दाखवायचं? हा माणूस वहीत खोटं लिहून मोकळा झाला, तोंडघशी पडणार ती.

शनिवारी सकाळी तिने कात्री घेतली. आज कुंपण कापणार, हे एकहार्टला तिने सांगितलंच होतं. त्याने गुडघ्यांवरचं पांघरूण डाव्या हाताने ओढून चेहऱ्यावर घेतलं. ते बघून तिला रडू फुटलं, आणि रडतरडतच तिने कोपऱ्यातली पहिली फांदी धरली.

आत घरटं होतं.

रिकामं आणि वाळून खडखडीत झालेलं. एका सुकलेल्या फांदीच्या बेचक्यात बसवलेलं, आणि ते बेचकं तिच्या कुंपणाला नव्याकोऱ्या सुतळीने बांधलेलं. तिचं डोकंच फिरलं. हे काय आणून लटकवलं या माणसाने! कुठे सांभाळून ठेवलं होतं इतकी वर्षं? तिने ते उपटायला हात घातला.

बोटांना आत तार लागली. घरटं बेचक्याला त्या तारेने आवळलेलं होतं. तार जुनी होती, गंजून तांबडी झालेली. तिला तीन वेढे होते, आणि टोक आत मुडपलेलं होतं.