बाहेरून आलेला पैसा

वर्षभरात गावातून कोण गेलं, कोण आलं आणि बाहेरून घराघरात किती पैसा येतो, याची यादी करायचं काम नुकत्याच बदली होऊन आलेल्या शाळेतल्या बाईंच्या गळ्यात पडलं. सकाळपासून चौदा घरं फिरून झाली, त्यातल्या अकरांना कुलूप. शेवटी गल्लीच्या टोकाला गवंड्याच्या घराचं दार उघडं दिसलं, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. उंबऱ्यात गवंड्याची म्हातारी आई बसली होती.

"आजी, मुलगा शहरात असतो ना? महिन्याला किती पाठवतो?"

"जमेल तसं पाठवायचा. कधी दोन हजार, कधी तेवढेही नाहीत. यंदा मात्र एकदम ऐंशी हजार आले."

"अरे वा! नशीब काढलं की पोरानं!" बाईंनी हौसेनं आकडा लिहून घेतला. "मग स्वतः कधी येतोय?"

"तो पैशांच्या आधीच आला, बाई. इमारतीच्या परांचीवरून पडला, जागीच गेला. मुकादमानं गाडी करून घरी पोचवला. पैसे नंतर आले, भरपाईचे."

तेवढ्यात म्हातारीची सून कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आली.


"जाणाऱ्यांत माझं नाव लिहून घ्या, बाई. ते पैसे किती दिवस पुरणार? उद्या निघतेय. मुकादमानं त्याच इमारतीवर काम दिलंय, अजून सात मजले चढवायचे बाकी आहेत."