पत्ता दिसू नये म्हणून

"व्हीपीएन कुठलं घेऊ रे?" आईने विचारलं, आणि अनिरुद्धला चहाचा ठसकाच लागला.

रविवारची सकाळ होती. विश्रांतवाडीतल्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये शालनताई त्याचा जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलेली बाई. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकली तीही कुणाला न विचारता. आज पहिल्यांदाच विचारत होती.

"तुला कशाला हवंय ते?"

"आपण कुठून बोलतोय ते समोरच्याला कळू नये म्हणूनच घेतात ना? मग त्यासाठीच."

अनिरुद्धला हसू आलं. खराडीच्या कंपनीत तो रोज हेच काम करायचा. तो सरकून तिच्या शेजारी बसला आणि समजावू लागला. फुकटातलं अजिबात घ्यायचं नाही, त्यातले बरेचसे आपलीच माहिती विकून पोट भरतात. आपण काय उघडलं, काय पाठवलं याची नोंद न ठेवणारं घ्यायचं. कनेक्शन मध्येच तुटलं तर सगळं इंटरनेटच बंद पाडणारी सोय हवी, नाहीतर तेवढ्या वेळात खरा पत्ता उघडा पडतो. आणि फायली शेअर करायच्या असतील तर त्याला परवानगी आहे का तेही बघायचं.

"करायच्यात," शालनताई म्हणाल्या. "टॉरेंटवर टाकायच्यात. तिथे जोडलेल्या प्रत्येकाला आपला पत्ता दिसतो म्हणे."

"दिसतो, म्हणजे आपल्या कनेक्शनचा नंबर दिसतो. पण तू टाकणार काय? सिनेमे?"

"अण्णांची गाणी."

अण्णा म्हणजे त्याचे वडील, भीमराव. त्यांची स्वतःची गायनपार्टी होती. वस्त्यावस्त्यांतून भीमगीतं गायचे. ते जाऊन बराच काळ लोटला होता. त्यांच्या कॅसेट आई जपून ठेवते हे त्याला ठाऊक होतं. बसून एकेक गाणं तिने कॉम्प्युटरवर उतरवलंय, हे नव्हतं.

"लातूरच्या मुलींचं एक पथक आहे, त्यांना हवीत. आणखीही कुठून कुठून लोक मागतात. म्हटलं, एकदा टाकून द्यावीत. ज्याला हवीत तो घेईल."

"मग त्यात लपवायचं काय? गाणी अण्णांनीच लिहिलेली. चोरीची थोडीच आहेत?"

त्याने स्क्रीनवर वाकून पाहिलं. गाण्यांची नावं ओळीने लावली होती. प्रत्येकापुढे, गायकाच्या जागी, तिने एकच लिहिलं होतं: माहीत नाही.

"हे काय? अण्णांचं नाव का नाही घातलंस?"

शालनताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "नेट तुझ्या नावावर. आडनाव तेच. तुझ्या ऑफिसात सगळी कॉम्प्युटरचीच माणसं. काढायचं कुणीतरी शोधून."

"काढू देत की!"

"गेल्या शनिवारी तुझे ऑफिसातले लोक जेवायला आले होते." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मी आत हीच गाणी लावून बसले होते. एकाने विचारलं, ही जयभीमची गाणी कुठे लागलीयेत? तू म्हणालास, शेजारी."

अनिरुद्धला सगळं आठवलं. नुसतं म्हणालाच नव्हता. उठून खिडकीही लावून घेतली होती, जणू आवाज बाहेरूनच येत होता. मग थोड्या वेळाने आतला आवाज आपोआप बंद झाला, आणि तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. कुणी बंद केला, का केला, हा विचारही मनात आला नव्हता.

"आई, ते मी..."

"राहू दे. जन्मभर लोकांचं बोलणं या कानांनी ऐकलंय. कोण काय बोलतं आणि का बोलतं, मला समजतं." तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "अजून एक काम होतं. ह्या एका गाण्याच्या आधी ते थोडं बोललेत. तेवढं कापून दे. मला जमत नाहीये."

तिने गाणं लावलं. माइकची शिट्टी, माणसांचा गलका, आणि मग अण्णांचा भरदार आवाज: "गीत आणि गायन, भीमराव ओव्हाळ. ढोलकीवर मच्छिंद्र. आणि खंजिरीवर आमचे चिरंजीव, अनिरुद्ध!" लोक हसले. टाळ्या पडल्या.

"तुझं नाव येतं त्यात," आई हळूच म्हणाली.

अनिरुद्धने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. कुठून कुठपर्यंत कापायचं, ते त्याच्या डोळ्यांनी केव्हाच हेरलं होतं. ते ध्यानात आलं, आणि मग त्याला आईकडे बघवेना. मान खाली घालून त्याने 'माहीत नाही' एकेका ओळीतून खोडायला सुरुवात केली. त्या जागी भीमराव ओव्हाळ लिहीत गेला.

"आणि तुझे ऑफिसातले?"

"विचारतील," तो म्हणाला. आणि त्याने पुढची ओळ खोडायला घेतली.

गाणं चालूच होतं. अण्णांच्या आवाजामागे खंजिरी दबकत दबकत वाजत होती. पहिलं कडवं संपायच्या आत ती चुकली, अडखळली आणि थांबली. अण्णाही थांबले. माइकपासून बाजूला होऊन ते कुणाला तरी म्हणत होते,

"लाजतोस कुणाला? वाजव. मोठ्याने वाजव!"